तिसरी हाक

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नदीपलीकडच्या टोल्यावर, त्या छोट्या पाड्यावर, तुमचा तास अजून भरतो. पावसाळ्यात नदीवरचा बुटका रपटा पाण्याखाली गेला की तिथली पोरं शाळेत येऊ शकत नाहीत. मग शाळाच त्यांच्याकडे जाते, म्हणजे एक टॅब आणि एक आवाजाचा डबा जातो. अर्धं शिक्षण वर्गात आणि अर्धं पडद्यावर, असा हा कार्यक्रम आहे आणि वरच्या ऑफिसनं त्याला लांबलचक नाव दिलंय. पडद्यातली नवी बाई गोड बोलते. प्रश्न विचारते आणि पोरानं तोंड उघडायच्या आत "शाब्बास" म्हणून मोकळी होते. पोरं तिच्याकडे बाजारातल्या दुकानात लावलेल्या टीव्हीकडे बघावं तशी बघतात. नव्या धड्यांच्या खाली मी तुमचे जुने धडे राहू दिले होते. त्यात चित्र नाही, नुसता आवाज आहे. पण माझी पाठ फिरली की पोरं तेच लावतात.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या झाडोऱ्यात मी टेंभरं वेचत होते. तुम्ही मागून हाक मारलीत, मी वळले नाही. पुन्हा मारलीत, तरी नाही. तुम्ही तरातरा आलात आणि माझा कान पिरगाळलात. "बहिरी हायेस का वं?" मी रडत रडत सांगितलं की आजी म्हणते, हाक मारणारा दिसत नसेल तर लगेच ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं, मेलेल्याला तिसरी हाक मारता येत नाही. मला वाटलं, आता दुसरा कानही जाणार. तुम्ही कान सोडलात आणि माझ्या ओच्यातलं एक टेंभरू उचलून तोंडात टाकलंत. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तुम्ही प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायला लागलात. आधीच्या मास्तरांनी मुकी ठरवलेली जंगलातली पोरं तिसऱ्या वेळी बोलायची. तपासणीला आलेले साहेब हसले, म्हणाले, बाई, असा अभ्यासक्रम कधी संपायचा? तुम्ही त्यांना चहा दिलात आणि आपलं तेच चालू ठेवलंत.

मग शाळा बंद पडल्या ते वर्ष आलं. तोवर मी तुमच्याच शाळेत नवीन मास्तरीण झाले होते आणि तुमची निवृत्ती तोंडावर आली होती. ऑनलाइन शिकवा, असा निरोप आला. आपल्याकडे रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका खडकावर, तीही तिच्या मर्जीनं. तुम्ही म्हणालात, "रेंजले मारो गोली. मी आवाज भरून देते, तू कार्ड नेऊन वाजव." कुरखेड्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही गॅसवरचा भाताचा गंज खाली उतरवायच्या, पंखा बंद करायच्या आणि फोन पोळपाटावर उभा करून भिंतीला शिकवायच्या. प्रश्न एकदा, थांबून दुसऱ्यांदा, थांबून तिसऱ्यांदा. मग गप्प. त्या गप्प वेळात तुमची नजर भिंतीवरून सावकाश फिरायची, एकेका पोरावर थांबल्यासारखी, आणि शेवटी मान हलवून तुम्ही "बराबर" म्हणायच्या. मी दाराशी बसलेली असे आणि खरं सांगते, मला तिथे बसणं नको व्हायचं. एकदा तर तुम्ही कोपऱ्याकडे बोट करून म्हणालात, "तू नाई, तुह्या मांगची." कोपऱ्यात तांदळाची कोठी होती. तेवढ्यात पाऊस आला, मी दारातून सांगितलं, तर तुम्ही धडा न थांबवता म्हणालात, "आयकली. दार लावून घे." माझा आवाज लांब होता, तो काही भरला गेला नाही. तुमचं उत्तर तेवढं धड्यात राहिलं.

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. शेवटचा धडा तुम्ही खोकत खोकत भरलेला होता. त्यात तुम्ही दोनदाच हाक मारता आणि पुढे शांतता आहे. मी तो तिथेच बंद केला आणि पुन्हा कधी लावला नाही. पुसलाही नाही.

आता टोल्यावरच्या एका मुलीबद्दल सांगते. ती तुम्ही गेल्यावर शाळेत आली, तिला तुम्ही पाहिलेलं नाही. ती शाळेत बोलतच नाही. तिसरीत गेली तरी तिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. मी नेहमीच्या घाईत, तुमची तीनदा विचारायची सवय मला काही पेलली नाही. तिला मुक्या मुलांच्या शाळेत, दूर चंद्रपूरला वसतिगृहात ठेवायचं, असं ऑफिसात जवळपास ठरलंच होतं. यंदा भादव्यात मी डोंग्यानं पलीकडे गेले तेव्हा पोरं गोटुलात, टोल्याच्या सामायिक झोपडीत, बसली होती आणि डब्यातून तुम्ही म्हणत होतात, "सातचा पाढा. तू नाई, तुह्या मांगची." मागच्या भिंतीशी बसलेली ती मुलगी उठली आणि तिनं अख्खा पाढा म्हटला. तिचा शेवटचा आकडा संपायला आणि तुमचं "बराबर" यायला एकच गाठ पडली. बाहेर सर आली. ती डब्याला म्हणाली, "बाई, पानी येऊन राह्यलं." तुम्ही म्हणालात, "आयकली. दार लावून घे." ती गेली आणि दार लावून आपल्या जागी येऊन बसली. त्या उत्तरामागचं सगळं मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

तिला आजीच वाढवते. परत निघाले तेव्हा त्या म्हातारीनं मला डोंग्यापाशी गाठलं. जोहार झाला आणि ती म्हणाली, "बाई, पोरगी मेलेल्याले ओ देऊन राह्यली. एक दिवस उठून जाईन त्याच्या मांगं. थो आवाज काढून टाका, नाई त मी तिले बसू देत नाई." मुलगी तिच्या पाठीमागे उभी होती. ती म्हणाली, "मेलेला मानूस तीनदा हाक नाई मारत. तूच सांगतलं. बाई त तीनदा मारते." "बरं," म्हातारी म्हणाली, "उद्या मी सोता आयकते. एकडाव जरी हाक कमी पडली, त बंद." इकडे आड तिकडे विहीर. तुमचा आवाज काढला तर पोरगी मुकी ठरून चंद्रपूरला जाणार, आणि ठेवला तर सगळी भिस्त तुमच्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ असं भरून आलंय की गोटुलात पोरांची तोंडं नीट दिसत नाहीत. म्हातारी डब्यासमोर उकिडवी बसली आहे. मी पाढ्यांचा धडा लावते आणि तो सुरळीत पार पडतो. तुम्ही दर वेळी तीनदा विचारता, म्हातारी बोटं मिटत जाते. धडा संपतो, मी सुटले म्हणून टॅब उचलायला वाकते, तोच तो आपसूक पुढचा धडा लावतो. आधी तुमचा खोकला येतो. मी ओळखते, हा शेवटचा. "मांगं कोन बसली हाये? बोल पोरी." मुलगी मान वर करते. "बोल पोरी." मग काही नाही. पण धडा संपलेला नाही. तुमचा फोन तेव्हा पोळपाटावर तसाच चालू राहिला असणार, कारण डब्यातून तुमचं रिकामं स्वयंपाकघर ऐकू येतंय, मोरीत ठिबकणारं पाणी, लांबवर कोंबडा. म्हातारी माझ्याकडे बघते. मुलगी डब्याकडे बघते. आणि मग पावलं. कोणीतरी घरातून पाय ओढत फोनकडे येतंय. अगदी जवळ येऊन थांबतं आणि बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतं.

"बोल पोरी," मी म्हणाले आणि डबा बंद केला.

"ओ," मुलगी म्हणाली. डब्याला नाही, माझ्याकडे बघून. म्हातारीनं तिसरं बोट मिटलं. "हाक पुरी झाली," ती म्हणाली, "आता तूच मारत जा." तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न तीनदा विचारते आणि मुलगी शाळेतही बोलते. चंद्रपूरचं नाव आता कोणी काढत नाही. ऑफिसातले म्हणतात, मॅडमनी प्रसंगावधान राखून पोरीला वाचवलं. मीही मान डोलावते.

हा कागद टाकायला आपल्या पोस्टात पेटी नाही, तेव्हा तुम्हालाच सांगून टाकते. त्या क्षणी पोरीचा विचार माझ्या मनात नव्हता, बाई. तुमच्या मातीला मी गेले होते, तुम्हाला पोचवून आले होते. तिसरी हाक तुम्ही मारली असतीत तर मला ओ द्यावी लागली असती, आणि मी दिली असती.