मध्यंतराची जागा

अण्णा, परवा मॉलमधल्या थिएटरात एक इंग्रजी विनोदी सिनेमा बघितला. कुठल्याशा गाजलेल्या सिनेमाचा तिसरा भाग होता. भाचीनं हट्टानं नेलं. तुमची ही नात तुम्ही पाहिली नाहीत, पण हट्ट तुमचाच उचललाय. सिनेमातला नायक हातात भला मोठा केक घेऊन जिना उतरतो, खालच्या पायरीवर मांजर झोपलेलं असतं, आणि मग व्हायचं ते होतं. तो पडला, केक पाहुण्यांच्या अंगावर गेला, नायक कपडे झटकत उभाही राहिला, आणि सगळं आटोपल्यावर पडद्यावर मध्यंतर आलं. इंग्रजी सिनेमाला मुळात मध्यंतर नसतंच, ते आपल्याकडं आल्यावर मधेच कुठंतरी घालतात, हे तुमच्या मुलीला कुणी सांगायला नको. मी भाचीला म्हटलं, "आजोबा असते तर मांजर दिसल्याबरोबर मध्यंतर केलं असतं." ती म्हणाली, "मावशी, पॉपकॉर्न आण ना." पॉपकॉर्नच्या रांगेत उभी राहिले आणि तुमच्याशी बोलायचं किती दिवसांचं राहिलंय, ते मोजायचंही धाडस होईना. म्हणून घरी आल्यावर हा कागद घेतला.

डोळे मिटले की मी पाचवीत आहे. गुरुवारी शाळा सुटली की दप्तरासकट थिएटरात येते. शुक्रवारपासून दुपारी बाराच्या खेळाला लागणाऱ्या इंग्रजी सिनेमाच्या रिळांची पेटी आलेली असते आणि मॅटिनी सुटून संध्याकाळचा खेळ लागायच्या आधी तुम्ही तो रिकाम्या थिएटरात चालवून बघता. तुमची कॅबिन म्हणजे सिनेमा दाखवायची दोन मशिनं, त्यांत जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा वास, मरणाचा उकाडा आणि भिंतीत दोन चौकोनी भोकं. एका भोकाशी तुम्ही, दुसऱ्याशी पत्र्याच्या पालथ्या पेटीवर मी. इंग्रजी तुम्हालाही येत नाही आणि मलाही. गंगापूरकडच्या शेतातून उठून शहरात आलेला माणूस आणि त्याची नगरपालिकेच्या शाळेतली पोरगी. पण पडणाऱ्या माणसाला भाषा लागत नाही. तुमचा एक डोळा पडद्यावर आणि एक माझ्यावर असतो. मी हसले की त्याच्या थोडं आधी सिनेमा कुठं होता ते तुम्ही मनाशी धरता, आणि रीळ परत गुंडाळताना नेमक्या त्या जागी कागदाची चिठ्ठी घालता. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी आली की मशिनचं झाकण पाडायचं आणि तुम्ही स्वतः रंगवलेली 'मध्यंतर'ची काच पडद्यावर टाकायची. मी एकदा विचारलं होतं, हसू आल्यावर का नाही थांबवत? तुम्ही म्हणालात, "हसून झाल्यावर माणूस मोकळा झाला, माय. मग त्यो घरला बी जाईल. हसू तोंडाशी आलं न की थांबवायचं. चहा पिताना बी त्येच घोळतंय त्याच्या डोक्यात."

त्या नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या सिनेमाला तर तुम्ही कमाल केली होती. लग्नघरात एक प्लंबर गळका नळ बघायला येतो आणि संध्याकाळपर्यंत अख्खं घर पाण्यात जातं, एवढीच गोष्ट. नवरीची आई त्याला विचारते, झालं का सगळं नीट? तो मान हलवतो, ऐटीत हात पुसतो, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर हळूच एक ओला डाग पसरायला लागतो. बस्स, तिथं तुम्ही काच टाकलीत. मी त्या रविवारी मैत्रिणींबरोबर खाली बसले होते. कॅन्टीनशी उभे असलेले लोक आता भिंत कशी फुटणार ते एकमेकांना हातवारे करून सांगत होते आणि सांगता सांगताच हसत होते. सिनेमा तीन आठवडे चालला. घरी आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "आज तू चारदा हसलीस. एकदा लई उशिरा." मशिनच्या खडखडाटात माझं हसू कसं ऐकू आलं म्हटलं, तर म्हणालात, "हजारात वळखू येतंय मला." तेव्हा मला ही बढाई वाटली होती.

मग मी कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन बी. ए. करायला लागले आणि शहाणी झाले. म्हणजे शहाणी झाले असं मला वाटायला लागलं. वर्गातल्या मुली डॉक्टरांच्या, वकिलांच्या. वडील काय करतात विचारलं की मी "सिनेमाच्या व्यवसायात" असं सांगायची. गुरुवारी कॅबिनीत येणं बंद केलं. कपड्यांना कार्बनचा वास लागतो, हे कारण मी आईला सांगितलं आणि तिनं ते तुम्हाला सांगितलं नसावं अशी आशा आहे. त्याच सुमारास एका स्थानिक पेपरात मला सिनेमावर लिहायची संधी मिळाली. पुरुषी टोपणनाव घेतलं आणि दर रविवारी कुणाला तरी झोडपू लागले. झोडपलं की लोक वाचतात, हे फार लवकर कळलं.

आणि मग त्या प्लंबरचा दुसरा भाग आला. आठवतंय ना? तुम्ही बुधवारी जेवताना म्हणालात, "उद्या येतीस का? आपला नळवाला परत आलाय." मी म्हटलं, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती, अण्णा. तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि भाकरी कुस्करत राहिलात. त्या गुरुवारीही तुम्ही एकट्यानंच, समोर हसणारं कोणी नसताना, चिठ्ठीची जागा ठरवलीत.

सिनेमा वाईटच होता, ते आजही म्हणेन. पहिल्या भागात घर बुडालं म्हणून दुसऱ्यात जहाज. एक प्लंबर कमी पडला म्हणून त्याच्या जोडीला त्याचा भाऊ. लोक पाण्याला हसले असं त्या बनवणाऱ्यांना वाटलं असावं. लोक हसले होते त्या माणसाच्या 'मला सगळं येतं' म्हणणाऱ्या चेहऱ्याला. तुम्ही हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं होतं नंतर. "पहिल्या टायमाला त्या गड्याला म्हाईत नसतं का लोक हसणार हायेत. दुसऱ्या टायमाला त्याला म्हाईत असतं. तिथंच घोळ हाय." पुढं असंही म्हणालात, "तरी बी आलाय बिचारा परत. शिळ्या भाकरीचा कुस्करा बी ग्वाड लागतो की, फोडणी जमली तर." तुम्हाला दुसऱ्या भागांची दया यायची. मला तेव्हा कशाचीच यायची नाही.

शुक्रवारी मी तीन मैत्रिणींबरोबर बाराच्या खेळाला गेले. दारावरच्या काकांना म्हटलं, मी आलेय हे अण्णांना सांगू नका. त्यांनी माझं ऐकलं, हीच पंचाईत झाली. सिनेमा रटाळ चालला होता. जहाजाच्या तळाशी प्लंबर नि त्याचा भाऊ दोन टोकांना दोन चाकं फिरवत होते, दोघांनाही वाटत होतं की आपण पाणी बंद करतोय, आणि मधोमध कप्तान आरशात बघून मिशीला पीळ देत होता. कप्तानाच्या टोपीवर एक थेंब पडला. त्यानं वर पाहिलं. आणि तुमची काच आली. त्यानंतर मी काय केलं ते शेवटी सांगते, कारण ते सांगायलाच हे सगळं लिहिते आहे.

रविवारी माझं लिखाण छापून आलं. सिनेमाला नावं ठेवलीच, पण तेवढ्यानं माझं भागलं नाही. मी लिहिलं की मध्यंतर भलत्याच जागी येतं, थिएटरात एकही माणूस हसत नाही, आणि पुढं काय होणार याची कुणाला फिकीर उरत नाही. तो सिनेमा परदेशात बनला, पण मध्यंतर आपल्या घरातून डबा घेऊन जाणाऱ्या माणसानं घातलंय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही ते वाक्य मला फार खुसखुशीत वाटलं. तुम्ही चष्मा लावून पेपर वाचत होतात, नेहमीसारखा मोठ्यानं. त्या वाक्याशी आलात आणि थांबलात. परत वाचलंत. मग आईला म्हणालात, "कोणी शिकलेला माणूस दिसतोय. मला तर जरा कोणीतरी हसल्यावानी वाटलं होतं शुक्रवारी. पण छापून आलंय म्हंजी नसंल हसलं कोणी." आणि उजव्या कानात करंगळी घालून हलवलीत. मी समोर बसून मटकी निवडत होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

मला वाटलं विसराल. तुम्ही विसरला नाहीत, तुम्ही सिनेमाच सुधारायला घेतलात. सोमवारी चिठ्ठी आधी सरकवलीत, जिथं भाऊ जहाजावर चढतो. मंगळवारी पुढं नेलीत. बुधवारी तर मध्यंतरच काढून टाकलंत, सलग सिनेमा चालवलात, आणि भज्यांचा घाणा काढून बसलेला कॅन्टीनवाला कॅबिनीत चढून तुमच्याशी भांडला. रोज जेवताना मला विचारायचात, "तू सांग की गं, कुठं घ्यावं? तुला आता इंग्रजी बी येतंय." मी मान खाली घालून म्हणायची, मी बघितला नाही. सिनेमा गुरुवारी उतरला. एखाद्या परक्या पोराच्या डोक्यावर हात ठेवावा तसं तुम्ही त्या पडलेल्या सिनेमाशी आठवडाभर वागलात आणि मी घरात बसून ते बघत होते.

पुढच्या शुक्रवारपासून तुम्ही चिठ्ठी घालणं सोडलंत. अर्धी रिळं संपली की मध्यंतर, मग पडद्यावर कोणी पडत असो की रडत असो. मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर म्हणालात, "मशिनपाशी राहून कान गेले, साहेब. आता नाय कळत लोक कुठं हसत्यात." हे मला त्या दारावरच्या काकांनी सांगितलं. थिएटर पुढं पाच-सहा वर्षं चाललं, पण तुमचं काम त्या आठवड्यातच संपलं होतं. उरली ती नोकरी.

आणि आणखी एकदा संधी मिळाली होती मला. थिएटर बंद पडून काही वर्षं झाल्यावर, तुम्ही घरीच असताना, मी तुम्हाला कान तपासायला नेलं. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून कसले कसले आवाज ऐकवले आणि म्हणाले, काका, वयाच्या मानानं तुमचे कान उत्तम आहेत. तुम्ही हसलात. रिक्षात मला म्हणालात, "त्याला काय ठाऊक? माझे कान गेलेत ते पेपरात आलं होतं." तुम्ही थट्टेनं म्हणालात, पण खरं मानून म्हणालात. माझा हात तुमच्या हाताशेजारी होता. त्या टोपणनावाला सोडूनही दहा वर्षं झाली होती, कुणी मला काही करणार नव्हतं. पण तुम्ही रागावणार नाही, उलट "आपल्या पोरीनं लिहिलंय व्हय!" म्हणून कौतुकानं गल्लीभर सांगाल, याची मला खात्री होती, आणि तेच मला सोसणार नव्हतं. पडेगावचा रस्ता येईपर्यंत मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसले. दीड वर्षानं तुम्ही गेलात.

थिएटरच्या जागी आता लग्नाचं कार्यालय आहे. गावाचं नावही बदललं. 'मध्यंतर'ची ती काच माझ्याकडं आहे, एका कोपऱ्याला तडा गेलेली. हे पत्र मी तिच्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही.

त्या शुक्रवारी कप्तानाच्या टोपीवर थेंब पडला, त्यानं वर पाहिलं आणि तुम्ही थांबवलंत. दिवे लागायच्या आत मी हसले, अण्णा. मोठ्यानं, पाचवीत हसायची तशी. मैत्रिणी गप्प होत्या म्हणून लगेच ओढणी तोंडात कोंबली. तुमचे कान गेले नव्हते. ती मी होते.