परत आलेले लाडू

प्रिय निवेदिता,

फोनवर आपलं बोलणं ‘बरी आहेस ना’ आणि ‘हो’च्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला. शाळेत मी गेले नाही, ह्यांच्या पोथ्या बघून अक्षरं लावली. वेडंवाकडं गोड मानून घे. इथे काशीत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उन्हानं तापल्यात. हे गेल्यापासून घरात मराठीत बोलायला देवच उरलेत, आणि ते काही उत्तर देत नाहीत.

आपल्याकडे उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या जेवणाची भांडी घासायला येते ती सुनैना तुला आठवत असेल, नाववाल्याची बायको. तिला कार्तिकात मुलगी झाली. पोर काही अंग धरेना. अंगणवाडीची ताई वजन करून बोल लावून गेली, सासूनं नजर काढली, आणि मी आपल्या रीतीनं अळीवाचे लाडू पाठवायला लागले. आई खाईल तर दूध येईल, एवढंच माझं शहाणपण. रिकामा डबा परत देऊ नये हे तिला मीच शिकवलेलं. त्यामुळे डबा यायचा तो कधी चार शिंगाडे, कधी झेंडूचं फूल घेऊन. मी खूश, की पोरगी खातेय.

एकदा डबा जड लागला. उघडला तर फुलाखाली माझेच लाडू, जसेच्या तसे. आधीचे तिच्या घरातल्यांनीच संपवले होते, हे मागाहून कळलं. फणफणत तिच्या खोलीवर गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली, शेजारी पोर रडून रडून दमलेली. सासू दारातूनच म्हणाली, मुलगी झाली म्हणून नखरे चाललेत, दुसरं काय. माझा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या डोक्याला तेल लावत बसले. वेणी घालायला घेतली तशी म्हणाली, “अम्मा, मन नाहीं लगत हौ. सब बिटिया के देखे आवेलन.” सगळे येतात ते पोरीलाच बघायला, तिला कुणी बघत नाही. मग हळूच म्हणाली, पोरीला घेऊन घाट उतरायची भीती वाटते, पाण्यापाशी गेलं की मनात भलतंच येतं. अगं, नावेवर वाढलेली मुलगी ती.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नव्हे. गोळ्या दिल्या, एकटी सोडू नका म्हणाल्या. आता ती माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर जेवते. पोरीला मी पायांवर घेऊन न्हाऊ घालते, परवापासून मऊ खिचडी सुरू केलीय. रोजच बरं असतं असं नाही. एखाद्या दिवशी पुन्हा भिंत. पण पोरीच्या मनगटाला वळी पडायला लागलीय.

आदित्य बाळाचे फोटो पाठवतो. आंघोळीचा, झोपेचा, नव्या झबल्यातला. त्यात तुझा हात असतो, कधी ओढणीचं टोक. तू नसतेस. तुझ्यासाठीही अळीवाचे लाडू पाठवले होते मी. परवा हसत म्हणाला, आई, लाडू फक्कड झाले होते, मीच संपवले. मी फोन ठेवला आणि यात्रेकरूंना दुसरं घर बघायला सांगितलं. सुनैना तेवढे दिवस मंगला गौरीजवळच्या वैदेहीकाकूंकडे जेवेल. त्या समोर बसतील. पुढच्या गुरुवारच्या गाडीनं मी बंगळूरला निघतेय. नातवाला बघायला नाही, तो फोटोत रोज दिसतो. तुला बघून कितीतरी दिवस झाले. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. माझ्याकडे पाठ करून बसलीस तरी चालेल. केसांना तेल तसंच लावतात.

तुझीच,
पद्माआई