माझ्या धड्यांचे पेढे

सातपूर, नाशिक
ऑगस्ट २००७

तीर्थस्वरूप झुंबरदादांना धाकट्या सरिताचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत (ह्यांचं सोडून, ते पुढे येईलच). वहिनींचा गुडघा कसा आहे? कांद्याचा भाव विचारत नाही, तो विषय निघाला की तुम्ही चार पानं लिहिता.

दादा, तुमची बहीण मास्तरीण झाली आहे, तीही इंटरनेटवरची. मोठ्या कारखान्यांत कामगारांना शिकवायला पुण्याहून साहेब येतात. आमच्यासारख्या दोन लेथ मशीनच्या वर्कशॉपला त्या साहेबाचा नाश्तासुद्धा परवडत नाही. म्हणून मी महिन्याच्या चहाच्या बिलात बसतील असे धडे बनवून इंटरनेटवर टाकले: माप कसं घ्यावं, ड्रॉइंग कसं वाचावं, चष्मा डोळ्यांवर का लावावा (आमच्याकडे तो कपाळावर लावतात). फोटो माझे, आवाज माझा. इंटरनेट असं, की फोटोतल्या कारागिराचं डोकं आधी उतरतं आणि हात आपला चहा पिऊन झाल्यावर येतात. मध्येच वीज गेली तर बिचारा तसाच राहतो. पण आमचे दोन्ही कामगार, नियाज आणि हिरामण, चिकाटीने शिकले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं झालं: आमचे हे मात्र एकदाही बघायला बसले नाहीत. म्हणाले, "इतकी वर्षं लेथ चालवतोय, आता बायको शिकवणार?"

नियाज पास झाला. मी त्याला माझ्या सहीचं रंगीत प्रमाणपत्र छापून दिलं. थोड्याच दिवसांत तो पेढे घेऊन दारात. "वैनी, तुमचा कागद बघून मोठ्या कंपनीत घेतलं मला." मला अगदी भरून आलं. ह्यांनी पेढ्याला हात लावला नाही. मग हिरामण पास झाला आणि त्याचेही पेढे आले. आता दोन लेथ आणि हे एकटे. पंपाच्या पार्टची ऑर्डर अर्धी पडली आहे, वेळेत गेली नाही तर गिऱ्हाईक कायमचं तुटेल. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि दांडा माझ्याच घरात," असं हे जेवताना भिंतीला सांगतात. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण खरं सांगू दादा, अभिमान त्याहून जास्त वाटतो. धडे भिकार असते तर दोघेही अजून इथेच असते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
सरिता

ता. क. : सटाण्याहून दोन होतकरू माणसं लगेच पाठवा. (मी त्यांना काही शिकवायचं नाही, अशी ह्यांची अट आहे. बघू.)

आणखी ता. क. : नवं ड्रॉइंग अडलं आणि विचारायला नियाज नाही, म्हणून ह्यांनी गुपचूप माझे सगळे धडे पाहिले, परीक्षाही दिली. नियाजपेक्षा जास्त मार्क पडले. कालपासून प्रमाणपत्र मागताहेत. मी प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं आहे.