माझी रायफल आणि भिंतीवरचे सात शर्ट

४ ऑगस्ट
ठरलं. यंदा स्वतःची रायफल. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन उघडेल तेव्हा सासऱ्यांच्या जंगलातल्या केबिनवर मी उसनी बंदूक घेऊन जाणार नाही. नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापायची आणि नाव-वर्ष घालून भिंतीवर ठोकायची, ही तिथली रीत. त्या भिंतीवर माझे सात तुकडे आहेत. सात वर्षं, सात शर्ट. एर्विनबाबा, म्हणजे सासरे, आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवतात. दोष सगळा त्यांच्या जुनाट रायफलीचा. तिची नळी वाकडी आहे, हे मी दर वर्षी सांगतो.

५ ऑगस्ट
बाबांना फोन केला. म्हणाले, छान झालं जावईबापू, मग माझी रायफल मी तुझ्या बायकोला, डोरीनला देतो. तिला कधीचं यायचंय. आणि तुझी आली नाही तर सरळ स्वयंपाकघरात बस, बटाटे सोलायला माणूस हवाच आहे.
मी हसलो. मनाला लागलं.

९ ऑगस्ट
विकत घ्यायची की बनवायची? बंदुकांच्या दुकानातल्या स्टॅनने एक काढून दाखवली. प्लॅस्टिकचा काळा दस्ता, वर दुर्बीण. म्हणाला, तुझ्या बजेटात बसते, घेऊन टाक आणि उरलेले दिवस नेम धरायचा सराव कर. सराव म्हणे! असली रायफल गावात घरटी एक आहे. सुटे भाग जमवून घरी जोडली तर निम्म्यात पडते, असं आमच्या मिलमधला गस म्हणतो. त्याने कधी जोडलेली नाही, पण माहिती दांडगी.
निर्णय: बनवायची.

२ सप्टेंबर
नशीब उघडलं! इंटरनेटवर अक्रोडाचा दस्ता, कोरा करकरीत, पाव किमतीत. डोरीनने विचारलं, इतका स्वस्त कसा? म्हटलं, लोकांना पारख नसते.

११ सप्टेंबर
दस्ता आला. देखणा आहे. डावखुऱ्यांचा आहे. मी उजवा.
जाहिरातीत तसं लिहिलं होतं म्हणे. अगदी बारीक अक्षरात. तसं फार बारीक नव्हतं. परत घेत नाहीत.

१२ सप्टेंबर, सकाळी ६
उपाय सापडला. दस्ता बदलायचा नाही, हात बदलायचा. दहा आठवडे हातात आहेत. आजपासून दात घासणं, जेवण, सही, सगळं डाव्या हाताने.

१५ सप्टेंबर
सूप अंगावर. डोरीन म्हणाली, हा आठवा शर्ट.

६ ऑक्टोबर
डावखुऱ्या दस्त्यात बसणारा सांगाडाही, म्हणजे गोळी भरायचा नि चाप ओढायचा मधला भाग, डावखुराच लागतो. तो क्वचित मिळतो, म्हणून महाग. स्टॅनने मागवून दिला. देताना म्हणाला, एवढ्यात ती काळी आली असती रे लायल, वर गोळ्यांचे डबेसुद्धा. ती अजून तिथेच लटकते आहे. मी तिच्याकडे पाहिलं नाही. निघताना पाहिलं.
आता फक्त नळी राहिली. सहा आठवड्यांत येईल.

२७ ऑक्टोबर
डोरीन दर रविवारी बाबांबरोबर सरावाला जाते. भोकं पडलेली कागदी निशाणं फ्रिजवर लावते. भोकं एकमेकांना चिकटून आहेत. मी म्हटलं, कागद पळत नसतो. ती म्हणाली, पण नळी वाकडी आहे ना, त्या मानाने बरं जमतंय.

१६ नोव्हेंबर
नळी नाही. कंपनीत फोन लावला. तिथली बाई म्हणाली, सगळ्यांना सीझनच्या आधीच हवी असते हो, जानेवारीत बघू.
लाज गुंडाळून ठेवून स्टॅनकडे गेलो. काळी विकली गेली. आमच्या पाद्रीबाबांनी नेली.

२२ नोव्हेंबर
बॅग भरली. केशरी जॅकेट, लोकरी मोजे, दस्ता. दस्ता नुसता दाखवायला. मी रिकाम्या हाताने आलो असं कुणी म्हणायला नको.

२३ नोव्हेंबर. सीझनचा पहिला दिवस
उजाडायच्या आत सगळे गेले. मी आणि बटाटे उरलो. सव्वासातला एक बार ऐकू आला. दुसऱ्याची वाट पाहिली. माझ्या वेळी निदान चार होतात. दुसरा झालाच नाही.
डोरीनने आठ टोकांच्या शिंगांचा नर आणला. नळीबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
नळी सरळ आहे. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. सरळच होती.
तिचं हरीण बघायला खिडकीशी वाकलो, हातातली सुरी चालूच होती. सवयीने डाव्या हातात. उजव्या हाताचं बोट चांगलंच कापलं. पट्टी सापडेना. बाबा भिंतीपाशी गेले, खिळा उपसला आणि माझ्या पहिल्या वर्षाची चौकड्यांची शेपटी काढून बोटाला घट्ट बांधली. म्हणाले, कशाला तरी उपयोगी पडलास.
हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागतंय.
भिंतीवर सहाच राहिले. इतक्या वर्षांत आकडा पहिल्यांदाच खाली आला.