नदीकाठच्या फाटकातून आईला नेण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
नदीकाठ पदपथ कक्ष,
ता. जुन्नर, जि. पुणे.

विषय : नदीकाठच्या पदपथावरील नागमोडी फाटक उघडते करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच दि. ३ फेब्रुवारी २०२५ चा अर्ज (सदर फाटक बसवून मिळणेबाबत).

महोदय,

१. अर्जदार दिलावर कासम पेटीवाले, वय ५८, धंदा पत्र्याच्या पेट्या बनवणे. संदर्भ वाचून आपण चष्मा पुसाल, पण आपण बरोबरच वाचले आहे. ज्याने फाटक मागितले तोच आता ते नको म्हणतो आहे. शेजारीपाजारी त्याला हसतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

२. अर्जदाराची आई जैबुन्निसा, वय ८४, रोज सकाळी मोहल्ल्यातून निघे आणि कुकडीच्या काठाने, भर बाजाराच्या मागच्या अंगाने, जुन्या पुलाखालून कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत चालत जाई. तिथून नवऱ्याच्या कबरीला सलाम करून परत येई. गेल्या जानेवारीत याच पदपथावर एका मोटारसायकलीने तिला उडवले. खुब्याचे हाड मोडले. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एकशे बारा सह्या गोळा केल्या आणि मोटारसायकल आत शिरणार नाही असे काहीतरी बसवावे, असा अर्ज दिला.

३. आपल्या कार्यालयाने काम केले आणि चोख केले. पदपथाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी पाइपांचे नागमोडी फाटक बसले, त्यातून एकेक माणूस अंग चोरून जातो. मोटारसायकली बंद झाल्या. अर्जदाराने पेढे वाटले. परंतु कबरस्तानाची आणि पुढच्या स्मशानाची वाटही तीच आहे, हे सह्या करणाऱ्या एकशे बारा जणांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. सगळ्यांनी चालता माणूसच डोळ्यांपुढे धरला होता.

४. आईने आता अंथरूण धरले आहे. डॉक्टरांनी गेल्या गुरुवारी आठवडा, फार तर पंधरवडा सांगितला. अर्जदाराची मंचरला दिलेली बहीण येऊन उशाशी बसली आहे. अब्बांना नेले त्याच वाटेने आपल्याला न्यावे, एवढेच आईचे मागणे आहे. दुसरा रस्ता एसटी स्टँडवरून जातो. तो तिला नको. ती म्हणते, "बसमधली मान्सं खिडकीतनं वाकून बघत्याल. मला लाज वाटंल."

५. पेट्यांचा धंदा असल्याने अर्जदार सुतापर्यंत मोजतो. जनाज्याची खाट सव्वादोन फूट रुंद व साडेसहा फूट लांब, फाटकातली वाट पावणेदोन फूट आणि तिला दोन वळणे. तरीही मनाची समजूत पटेना, म्हणून तो, शेजारी चिमाजी व आणखी दोघे मशिदीतली रिकामी खाट घेऊन सकाळीच फाटकाशी गेले. खाट पाइपांवर उचलून धरली, तर वर चिंचेची आडवी फांदी. खाली घेतली, तर ती वळणावर अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. फिरायला आलेली मंडळी थांबली. काहींनी पायांतले काढले. एकाने हळूच, कोण गेलं, असे विचारले. कोणी गेले नाही, असे सांगून अर्जदार खाट सोडवायला लागला.

६. आपले अभियंता साहेब पाहणीला आले होते. खाट कलती करून, जमल्यास उभी करून न्यावी, असा उपाय त्यांनी सुचवला. त्यावर चिमाजी म्हणाला, "माणूस असतंय साहेब त्यात, कपाट न्हाई." चिमाजीचे वडीलही नव्वदीचे आहेत. त्यांची तिरडीही उद्या याच फाटकाशी येणार. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले आणि कळवतो म्हणाले.

७. अर्जदाराच्या दुकानात कटर आहे. ते पाइप कापणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम. मोहल्ल्यातली पोरे रोज कटर मागतात, आणि खरे सांगायचे तर हात अर्जदाराचेही शिवशिवतात. पण तोडफोड केल्यास फौजदारी होईल असा फलक तिथे आहे, आणि आई घरात असताना मुलगा चौकीत बसलेला त्याला चालणार नाही. परवा त्याने कटर पेटीत घालून कुलूप लावले आणि चावी चिमाजीकडे दिली. त्याचा स्वतःवर भरवसा उरलेला नाही.

८. शुक्रवारी अर्जदार कार्यालयात आला. अंत्ययात्रेसाठी फाटक तात्पुरते काढता येते, असे लेखनिकांनी सांगितले. मात्र अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा लागतो आणि त्यानंतर सात दिवसांत निर्णय होतो. आमच्यात मयत घरात ठेवत नाहीत, होता होईल तो त्याच दिवशी दफन करतात. अर्जदाराला राग आला नाही, भीती वाटली. सबब, दोन्ही फाटकांच्या एका बाजूला बिजागऱ्या व कुलूप बसवण्याची परवानगी मिळावी. काम अर्जदार स्वतः करून देईल.

९. आई रोज संध्याकाळी विचारते, हाफिसातून कागद आला का. अर्जदार खोटे बोलतो. सगळे झाले, साहेबांची सही तेवढी राहिली आहे, असे सांगतो. आठ दिवस ती औषधाला तोंड लावत नव्हती. काल तिने बहिणीकडून ते मागून घेतले, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "सही हुईस्तवर थांबते मी. तू सायबाला घाई करू नगं."

म्हणून अर्जदार घाई करीत नाही. ती थांबली आहे, एवढेच आपल्या कानावर घालतो.

आपला नम्र,
दिलावर कासम पेटीवाले
दि. १७ नोव्हेंबर २०२५