बुवांच्या कानावर घालू नका

अहो,

महारुद्रला घेऊन परभणीला समुपदेशनाच्या मॅडमकडं चालले. सूनबाई पेडगावहून, माहेराहून, थेट तिथंच यायलीय. निदान तसं म्हणाली तरी. तुमी भल्या मनानं दोघा नवरा-बायकोचं भांडण बुवांना सांगितलं, त्यांनी कीर्तनात त्याचाच दृष्टांत दिला. सारा मंडप हसला अन् पोरगी घर सोडून गेली. मॅडमकडलं बोलणं दाराबाहेर जात न्हाई, म्हणून ती कबूल झाली. मलाही बाहेरच बसायचंय.

भाकरी दुरडीत हायत, पिठलं गरम करून घ्या. संध्याकाळी कीर्तनाला जा, माझ्या वाटची टाळी तुमीच वाजवा. बुवांनी सुनेचं विचारलं तर गप बसा. लयच जड झालं तर विठोबाला सांगा. तो कुणाला सांगत न्हाई.

— सुमन