तांबीवर ढकललेली सहा वर्षं

४ ऑगस्ट, सोम.
सुट्टी टाकून संगीताला घेऊन कर्जतला नव्या डॉक्टरीणबाईंकडे. तिची जाड फाइल त्यांनी उलटसुलट चाळली. सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे दोनदा, दुर्बीण. मग माझ्याकडे बघून, "यात तुमचा रिपोर्ट कुठाय?"
मी म्हटलं, कुणी सांगितलंच नाही. साफ खोटं. आधीच्या दोन डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, दोन्ही फाडल्या मी. संगीताला ठाऊक आहे. तिनं फाइल आवरायला घेतली.

७ ऑगस्ट
तपासणीला दिलं. दहा मिनिटांचं काम. तिला मात्र त्या एक्स-रेनंतर घरी कडावपर्यंत रिक्षात सरळ बसता येत नव्हतं.

९ ऑगस्ट
रिपोर्ट आला. शुक्रजंतू शून्य.
बाई म्हणाल्या, "एकावर ठरत नाही, पुन्हा करू. बाकीच्याही तपासण्या आहेत." वर हेही, की तांबी काढल्यावर दिवस राहू शकतात, तांबीचा काही दोष नाही.
लग्नानंतर तांबी बसवायला मीच लावलं होतं. घर बांधून होऊ दे आधी, म्हणून. काढल्यावर काही होईना तेव्हा आईनं ठरवून टाकलं, तांबीनं पिशवी करपली. मला ते सोयीचं पडलं.

१७ ऑगस्ट, रवि.
रोहिणीचं (धाकट्या भावाची बायको) बाळ पाच महिन्यांचं. नर्सनं तिला तांबी सुचवलीय. आई लगेच, "नको गं बाई! मोठीचं काय झालं बघतेस ना?"
संगीता भाजी चिरत होती. मी पेपर वाचत. म्हणजे नुसता धरून.

१८ ऑगस्ट
सकाळी संगीतानं कपड्यांची पिशवी भरली. "माझं जाऊ द्या. पण त्या पोरीला तरी खोटं सांगून अडवू नका. तुमी बोलेपर्यंत मी दादाकडं राहते." खालापूरला गेली. स्टँडवर सोडायलाही नको म्हणाली.

२४ ऑगस्ट
सहा दिवस घेतले. आज सांगितलं आईला, रोहिणीसमोर. दोष माझ्यात निघालाय, तांबीत नाही.
आई, "सा वरसं मी तिला टोचत व्हते, नि तू तितंच बसून जेवत व्हतास?"


३० ऑगस्ट
रोहिणीनं काल सरकारी दवाखान्यात तांबी बसवून घेतली. सोबत आई गेली होती.

३१ ऑगस्ट, रवि.
खालापूरला गेलो. मेव्हण्यानं खुर्ची दिली नि आत गेला. संगीता ओटीवर आली. वाळलीय.
"आईंचा फोन आला व्हता. नुसत्या रडल्या." मग, "दुसरी तपासणी कधी?"
"वीस तारखेला."
"दवाखान्यात येईन मी."
"आणि घरी?"
"ते नाय ठरवलं अजून."
चहा घेऊन निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं. ती आत गेली होती, माझा कप उचलून.